ओसरीवरचा पाहुणा

आमच्या श्रीगोंद्याचं बखरींमधलं नाव चांभारगोंदे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांना वेरूळला पुरलेलं धन सापडलं आणि ते त्यांनी चांभारगोंद्याच्या शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवायला दिलं, अशी कथा आहे. धन सापडण्याचा भाग, देवीचा दृष्टांत वगैरे, लोक रंगवून सांगतात. मला कुतूहल दुसऱ्याच भागाचं. शेषो नाईकांवर एवढा भरवसा टाकला कसा? पेटी त्यांच्या घरात, दाराशी माणसं त्यांची, आणि रात्री पेटी उघडून कुणी मोजदाद केली तर मालोजीराजांना कळणार कसं? त्यांच्या कमरेला तलवार होती म्हणून निभावलं असेल. पण ज्याच्याकडे तलवार नाही अशा ठेवीदारानं काय करायचं?

हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या पोटापाण्याचा झालाय. पुण्यातल्या ऑफिसात मी व्हर्च्युअल मशीनच्या पोटातलं काम बघतो. गावी अण्णांना ते समजावून सांगायचे माझे सगळे प्रयत्न "म्हणजे भाड्याची खोली ना?" इथे येऊन थांबतात. तसं ते बरोबरच आहे. एका मोठ्या सर्व्हरवर पन्नास भाडेकरू राहतात आणि प्रत्येकाला वाटतं की अख्खं मशीन आपलंच. भिंती घालणारा आणि वीज-पाणी देणारा जो घरमालक, तो म्हणजे हायपरवायझर आणि त्याच्या जोडीची होस्ट सिस्टिम. पतसंस्थेची खाती, दवाखान्यातले रिपोर्ट, तुमच्या-माझ्या पगाराच्या स्लिपा, सगळं आता अशा खोल्यांमध्ये असतं. मायक्रोसॉफ्टनं पुण्यातलं क्लाउड केंद्र २०१५ साली सुरू केलं, अ‍ॅमेझॉननं मुंबईतलं २०१६ साली. म्हणजे आजचे शेषो नाईक काही फार लांब राहत नाहीत.

गेल्या दहाएक वर्षांत या खोल्यांची एक नवी जात आली आहे, संरक्षित व्हर्च्युअल मशीन. यात भाडेकरूची मेमरी घरमालकालासुद्धा वाचता येत नाही, असा दावा. जाहिरातीत सगळा भर असतो एन्क्रिप्शनवर. कुलूप किती मोठं, किल्ली प्रोसेसरच्या आत कशी, वगैरे. माझं मत जरा वेगळं आहे, ते आधीच सांगून टाकतो. कुलपाचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटला. खरी लढाई झाली ती ओसरीवर, म्हणजे खोलीतली मेमरी आणि बाहेरची डिव्हाइसं यांची जिथे गाठ पडते तिथे. तिथले सगळे रीतिरिवाज घरमालक देवमाणूस मानला जायचा त्या काळात ठरले होते, आणि ते बदलताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ आले. त्याचाच हा इतिहास.

सुरुवात जरा मागून करू या. संगणकाच्या लहानपणी प्रत्येक अक्षर प्रोसेसर स्वतः उचलायचा. टेपवरून एक शब्द आण, मेमरीत ठेव, परत जा, दुसरा आण. महागातला महाग कामगार हमाली करत बसलेला! १९५८ च्या सुमारास आयबीएमच्या ७०९ या मशीनमध्ये 'चॅनेल' आले. प्रोसेसरनं फक्त चिठ्ठी लिहायची, "अमुक टेपवरचे इतके शब्द मेमरीत तमुक जागेपासून ठेव," आणि आपल्या कामाला लागायचं. चॅनेल परस्पर मेमरीत माल टाकणार आणि झालं की घंटा वाजवणार. डिव्हाइसानं प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट हात घालायचा, यालाच पुढे डीएमए म्हणू लागले. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आला, त्याच्यातही इनपुट-आउटपुटसाठी वेगळे डेटा चॅनेल होते आणि हलक्या कामांना सोबत एक धाकटा १६०-ए होता. हमालीला वेगळा माणूस ठेवायचा, हा विचार तोवर सगळ्यांना पटलेला होता.

या हमालाला घरात कुठेही जायची मुभा होती, ही गोष्ट तेव्हा कुणाला खटकली नाही. खटकायचं कारणच नव्हतं. मशीन एकाचं, हमालही त्याचाच.

मग आली व्हर्च्युअल मशीन. आयबीएमच्या केंब्रिजमधल्या (अमेरिकेतल्या हं) केंद्रात एका फेरफार केलेल्या ३६०/४० वर सीपी-४० नावाची सिस्टिम १९६७ साली चालू झाली, पाठोपाठ सीपी-६७, आणि १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आली. इथे पहिल्यांदा एक गंमत उभी राहिली. भाडेकरू चॅनेलला चिठ्ठी लिहितो, "माल माझ्या पाच हजार नंबरच्या जागी ठेव." पण भाडेकरूचा पाच हजार नंबर आणि खऱ्या मेमरीतला पाच हजार नंबर वेगळे! चॅनेल बिचारा खरे नंबरच ओळखतो. उपाय काय काढला, तर घरमालकानं प्रत्येक चिठ्ठी उघडायची, वाचायची, नंबर बदलून नवी चिठ्ठी लिहायची आणि काम होईपर्यंत ती पानं हलणार नाहीत याची काळजी घ्यायची.

बघा, पहिल्या दिवसापासून टपाल घरमालक फोडून वाचतोय. आणि ते योग्यच होतं, कारण तेव्हाची भीती उलट दिशेची होती. एखादा भाडेकरू खोटा नंबर घालून शेजाऱ्याच्या खोलीत माल टाकेल, हा धोका. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीनची शास्त्रशुद्ध व्याख्या केली, त्यात मशीनची सारी साधनं पूर्णपणे हायपरवायझरच्या ताब्यात असणं ही मूळ अट आहे. घरमालक चोर निघाला तर, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नाही.

आता एक छोटं वळण, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत डीएमएसाठी इंटेलची ८२३७ ही चिप होती. पुढे १९८४ च्या एटीमध्ये पत्त्याच्या २४ तारा आल्या, म्हणजे जुन्या कार्डांचा हात १६ एमबीच्या पलीकडे पोचायचा नाही. मेमरी वाढत गेली, कार्डांचे हात तेवढेच राहिले. मग १६ एमबीच्या आत थोडी जागा राखून ठेवायची, कार्डानं माल तिथे टाकायचा आणि प्रोसेसरनं तो उचलून वर हव्या त्या जागी न्यायचा, अशी तडजोड निघाली. हा बाउन्स बफर. तीच रड पुढे ३२ बिटांची कार्डं आणि ४ जीबीच्या वरची मेमरी यांची झाली. इटॅनियम प्रोसेसरच्या लिनक्ससाठी २००० साली या तडजोडीचा एक नेटका अवतार लिहिला गेला. त्याचं नाव एसडब्ल्यूआयओटीएलबी. लिनक्समधल्या त्या फाइलच्या माथ्यावर असित मल्लिक, गौतम राव आणि डेव्हिड मॉसबर्गर-टँग ही नावं आहेत. नाव काही तोंडात बसत नाही, तेव्हा आपण तिला ओसरी म्हणू. पाहुण्याचा हात माजघरापर्यंत पोचत नाही म्हणून त्यानं सामान ओसरीवर ठेवायचं, घरच्यांनी आत न्यायचं.

नीट लक्षात ठेवा, ओसरी बांधली ती पाहुण्यावर अविश्वास म्हणून नव्हे, त्याचा हात आखूड म्हणून.

हात लांब असलेल्या पाहुण्यांचे प्रताप २००४ च्या सुमारास दिसायला लागले. माक्सिमिलियान डॉर्नसाइफ या जर्मन संशोधकानं त्या वर्षी चक्क एक आयपॉड फायरवायरच्या तारेनं लॅपटॉपला जोडला आणि त्याची मेमरी वाचून दाखवली. पासवर्ड नको, काही नको. फायरवायरला डीएमएची मुभा होती, एवढंच कारण पुरे झालं. यावर उपाय म्हणून आयओएमएमयू नावाचा पहारेकरी आला. डिव्हाइस कुठल्या पानांना हात लावू शकेल याची यादी तो सांभाळतो. एएमडी आणि इंटेल या दोघांनीही २००६ च्या आसपास त्याचे आराखडे प्रसिद्ध केले. पण गोम अशी, की या पहारेकऱ्याचा पगार घरमालक देतो. यादी तोच भरतो.

त्याच वर्षांत व्हर्च्युअल मशीनला पीसीच्या दुनियेत बहर आला होता. १९९९ साली व्हीएमवेअर, २००३ साली झेन, २००७ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये केव्हीएम. भाडेकरूला नेटवर्क कार्ड हवं तर खरं कार्ड थोडंच देणार? घरमालकाकडचा एक प्रोग्रॅम कार्डाचं सोंग घेतो. आधी हे सोंग जुन्या खऱ्या कार्डांचं असायचं, ते फार हळू चालायचं. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरनं म्हटलं की सोंगच घ्यायचं तर साधं, सुटसुटीत घेऊ या. त्यातून व्हर्टआयओ आलं. लिनक्स २.६.२४ मध्ये, जानेवारी २००८. आज क्लाउडवरच्या असंख्य लिनक्स मशीन्स याच सोंगाशी बोलतात.

व्हर्टआयओची रचना खरंच सुंदर आहे, म्हणून जरा थांबतो. भाडेकरूच्या मेमरीतच एक तक्ता असतो. प्रत्येक ओळ सोळा बाइटची. त्यात पत्ता, लांबी, काही खुणा आणि पुढच्या ओळीचा नंबर. भाडेकरू ओळ भरतो, "या पत्त्यावर दीड हजार बाइटची रिकामी जागा आहे, पॅकेट आलं की इथे टाक." सोंगाडं डिव्हाइस तिथे माल टाकतं आणि दुसऱ्या एका तक्त्यात लिहितं, "अमुक ओळीचं काम झालं, एवढे बाइट लिहिले." बस्स, संपलं. चॅनेलच्या चिठ्ठीचाच पणतू म्हणा ना. पत्ते सरळ भाडेकरूच्या खऱ्या-मानलेल्या मेमरीतले असतात, कारण घरमालकाला सगळ्या खोल्या दिसतातच. झेनमध्ये भाडेकरूनं एकेका पानाची रीतसर परवानगी द्यायची पद्धत होती. व्हर्टआयओनं ती कटकट ठेवली नाही आणि वेग मिळवला. माझ्या मते २००८ साली हा निर्णय अगदी बरोबर होता. आजच्या चष्म्यातून त्याला नावं ठेवणारे मला भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालतो.

तेव्हाची भीतीही अजून जुन्याच दिशेची होती. २०१५ साली 'व्हेनम' नावाचा बग सापडला, क्यूईएमयूमधल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या सोंगात (फ्लॉपी! २०१५ साली!), आणि त्यातून भाडेकरू भिंत फोडून घरमालकाकडे शिरू शकला असता. सगळं जग दचकलं ते यानं.

मग वारं फिरलं. एएमडीनं २०१६ साली एसईव्ही जाहीर केलं आणि २०१७ च्या एपिक प्रोसेसरात ते आलं. प्रत्येक भाडेकरूच्या मेमरीला वेगळी किल्ली, आणि किल्ली प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या प्रोसेसरकडे. घरमालकानं भाडेकरूची मेमरी वाचली तर हाती नुसता कचरा लागणार. पहिल्यांदाच ठेवीदाराला शेषो नाईकांची भीती वाटण्याचा अधिकार मिळाला.

पण मंडळी, व्हर्टआयओचं काय? सोंगाडं डिव्हाइस घरमालकाच्याच बाजूला राहतं. त्यालाही कचराच दिसणार. मग पॅकेट ठेवायचं कुठे? माजघराला कुलूप लावलं आणि लक्षात आलं, की आता पाहुण्याला पाणी द्यायलाही जागा नाही.

इथे ती आखूड हातांसाठी बांधलेली ओसरी कामाला आली. मेमरीतली थोडी पानं मुद्दाम उघडी, म्हणजे एन्क्रिप्शनविना ठेवायची. डिव्हाइसाचा सगळा व्यवहार तिथेच. आत आलेला माल भाडेकरूचं कर्नल ओसरीवरून उचलून माजघरात नेणार, बाहेर जाणारा माल माजघरातून ओसरीवर आणून ठेवणार. कोड तयार होता, वर्षानुवर्षं वापरातला होता, फक्त कारण बदललं. व्हर्टआयओच्या नियमांतही एक खूण होती, की "डिव्हाइसाला मेमरीत मोकळं रान नाही, प्लॅटफॉर्मच्या नियमानं चाल." ती लावली की भाडेकरूचा ड्रायव्हर ओसरीकडे वळतो. मला या योगायोगाचं अजून नवल वाटतं. इटॅनियम बाजारातून गेला, त्याच्या दाराशी बांधलेली ओसरी राहिली.

मात्र इथे लगेच फसगत झाली. २०१९ साली मेंगयुआन ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पहिल्या एसईव्हीमध्ये ही ने-आणच घरमालकाच्या कामी येते. त्याची युक्ती अशी. एसईव्हीत घरमालक कुलूपबंद मजकूर वाचू शकत नव्हता, पण तो उचलून दुसरीकडे टाकू शकत होता. (अचूक सांगायचं तर प्रत्येक जागेचा मजकूर वेगळा दिसावा अशी तजवीज होती, पण सुरुवातीच्या प्रोसेसरांत ती कच्ची निघाली.) भाडेकरू एखादं पॅकेट माजघरातून ओसरीवर नेणार, त्याच्या क्षणभर आधी घरमालक त्या जागी भलत्याच पानाचा बंद मजकूर आणून ठेवतो. भाडेकरू इमानदारीत तो स्वतःच्या किल्लीनं उघडतो आणि ओसरीवर मांडतो. कुलूप फोडायची गरजच नाही, मालकीणबाईच रोज दागिने बाहेर आणून ठेवतायत! त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ साली, 'सेव्हर्ड' नावाच्या हल्ल्यात जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी पानांचे पत्ते फिरवून वेब सर्व्हरकडूनच गुपितं बाहेर काढली होती. दोन्हींचं मूळ एकच. वाचायला बंदी होती, हलवायला नव्हती. एएमडीनं २०२० साली मांडलेल्या आणि २०२१ च्या प्रोसेसरात आणलेल्या एसएनपी या आवृत्तीत प्रत्येक पानाच्या मालकीचा तक्ता हार्डवेअरनं ठेवला आणि हे दार बंद केलं. इंटेलनं टीडीएक्समध्ये आपल्या पद्धतीनं तेच साधलं. हुश्श.

आता कुलूप पक्कं झालं असं म्हणू या. राहिली ती ओसरीच. आणि इथे मला आमच्याकडच्या उसाची आठवण होते.

श्रीगोंदा तालुक्यात लिंबू आणि ऊस. ऊस म्हटला की काटा आला, आणि काटा म्हटला की काटामारीची शंका आलीच. ही कुठल्या एका कारखान्याची गोष्ट नाही, महाराष्ट्रातल्या सगळ्या ऊसपट्ट्यात पिढ्यानपिढ्या चाललेली कुरबुर आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, मग रिकामी चढते, फरक तो ऊस, आणि हातात पावती. अण्णा गाडी आधी बाहेरच्या वजनकाट्यावर चढवतात आणि तो आकडा खिशातल्या डायरीत लिहितात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तुम्ही दरवेळी ऐंशी-शंभर रुपये कशाला घालवता? पावती मिळतेच की." त्यावर ते एवढंच म्हणाले, "अरे, पावती त्यांची, काटाही त्यांचा. आपल्याकडं काय आहे मग?"

व्हर्टआयओच्या ड्रायव्हरकडे डायरी नव्हती. डिव्हाइस म्हणालं "एवढे बाइट लिहिले," की ड्रायव्हर "बरं." त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ड्रायव्हर स्वतःच्या हातानं पत्ता आणि लांबी तक्त्यात लिहायचा, तो तक्ता आता उघड्या ओसरीवर, आणि काम झाल्यावर ड्रायव्हर स्वतःचेच आकडे पुन्हा त्या तक्त्यातून वाचायचा! म्हणजे आपलं टनेज आपण कारखान्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि महिन्यानं त्याच रजिस्टरला विचारायचं, की मी किती लिहिलं होतं हो? मधल्या वेळात घरमालकानं लांबी बदलून ठेवली, की ओसरीवरून माजघरात माल नेणारा कोड दिलेल्या जागेपेक्षा जास्त बाइट आत ओततो. शेजारचं सगळं पुसलं जातं. इतकी वर्षं हा कोड लाखो मशीन्सवर बिनतक्रार चालला, कारण डिव्हाइस खोटं बोलेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ते मनात आलं २०२१ साली. फेलिसितास हेत्सेल्ट, मार्टिन रादेव, रॉबर्ट बुरेन, माथियास मोर्बित्सर आणि झाँ-पियेर सायफर्ट यांनी 'व्हीआयए' नावाचं एक साधन तयार केलं. ते खोटारड्या डिव्हाइसाचं सोंग घेऊन ड्रायव्हरवर वेडेवाकडे आकडे फेकतं, सेकंदाला सरासरी ५७० वेळा. लिनक्स ५.१० च्या तयारीतल्या आवृत्तीतले २२ ड्रायव्हर त्यांनी तपासले आणि ५० बग सापडले. काही बगांमधून घरमालकाला भाडेकरूच्या आत स्वतःचा कोड चालवता आला. म्हणजे मेमरीला कुलूप, किल्ली प्रोसेसरात, जाहिरात छापलेली, आणि चोर ओसरीवरून चहा पिता पिता आत.

मग दुरुस्त्या झाल्या. त्याच वर्षी व्हर्टआयओच्या ड्रायव्हरनं पत्ता आणि लांबी यांची स्वतःची नोंद माजघरात ठेवायला सुरुवात केली, अगदी अण्णांच्या डायरीसारखी. ओसरीचा कोडही आता "मी मुळात एवढीच जागा दिली होती, त्यापेक्षा जास्त नेणार नाही," असं बजावतो. पॅच वाचाल तर काही ओळींचे आहेत. चमक नाही, बातमी नाही. पण संरक्षित मशीन खरोखर संरक्षित कुणी केली असं मला विचाराल तर मी या कंटाळवाण्या पॅचवाल्यांकडे बोट दाखवीन.

सगळ्यांना हे पटलं असंही नाही. २०२३ साली लिनक्सच्या मंडळींत यावर चांगलीच जुंपली. इंटेलच्या बाजूनं म्हणणं असं, की संरक्षित मशीनसाठी कर्नलनं डिव्हाइसाला शत्रू मानावं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्यासारख्या जुन्याजाणत्यांचा आक्षेप असा, की लिनक्स हार्डवेअरवर विश्वास ठेवूनच लिहिलं गेलंय, आणि हजारो ड्रायव्हर नव्यानं तपासायचे तर ते कोण करणार? मला दोघांचंही बरोबर वाटतं, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. व्यवहारात मध्यम मार्ग निघाला. संरक्षित मशीनमध्ये मोजकेच ड्रायव्हर ठेवायचे आणि तेवढे घासूनपुसून घ्यायचे.

"आम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल म्हणून पुण्याचंच एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधूनसुद्धा. तपासात आलं ते असं, की चोरांनी मध्ये एक खोटा स्विच उभा केला होता. एटीएम विचारायचं, "या कार्डावर पैसे देऊ?" आणि बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत प्रश्न जाण्याआधीच तो स्विच म्हणायचा, "द्या." हा प्रकार अगदी वेगळ्या थरावरचा आहे, व्हर्च्युअल मशीनचा इथे संबंध नाही. पण दुखणं त्याच कुळातलं. मधल्याचं उत्तर पडताळून बघायची सोयच ठेवलेली नव्हती.

इतरांनी याच प्रश्नाला वेगळी उत्तरं शोधली. गूगलनं अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोनमध्ये पीकेव्हीएम आणलं. तिथे एन्क्रिप्शन न करता एक अगदी छोटा हायपरवायझर सगळ्यांच्या खाली बसतो आणि भाडेकरूची पानं खुद्द अँड्रॉइडच्या नजरेआड करतो. भाडेकरूनं आपणहून "हे पान दाखव" म्हटलं तरच ते दिसतं. व्हर्टआयओ तेच आणि ओसरीही तीच. आणि आयबीएम? त्यांच्या मेनफ्रेमवर संरक्षित मशीन २०२० साली आली. तिथे व्हर्टआयओ आजही चॅनेलच्याच भाषेत बोलतं. फरक एवढाच, की संरक्षित मशीनमध्ये चॅनेलची चिठ्ठीच ओसरीवर बसून लिहावी लागते, कारण माजघरात लिहिलेली चिठ्ठी घरमालकाला वाचता येत नाही. १९६७ साली जो टपाल फोडून वाचायचा, त्याला आता ओसरीवर ठेवलेलं तेवढंच मिळतं.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक बाइट दोनदा हलतो. साधी डिस्क आणि नेटवर्क चालवून घेता येतं, पण ग्राफिक्स कार्डाचं काय? एनव्हिडियाच्या एच१०० कार्डात संरक्षित कामाची सोय आली, तेव्हा डेटा भाडेकरूनं वेगळ्या किल्लीनं बंद करून ओसरीवर ठेवायचा आणि कार्डानं तिथून नेऊन आत उघडायचा, अशी पद्धत ठेवावी लागली. लाखो रुपयांचं कार्ड, तेही बसवलं ओसरीवरच! यावर २०२२ साली पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत टीडीआयएसपी नावाची भर पडली. डिव्हाइसानं आपली ओळखपत्रं दाखवायची, मधली तारही एन्क्रिप्टेड हवी, आणि भाडेकरूची स्वतःची खात्री पटली तर त्याला थेट माजघरात घ्यायचं. प्रोसेसर, कार्ड, फर्मवेअर आणि कर्नल या चौघांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचं असल्यामुळे हे काम रेंगाळत पुढे सरकतंय.

तोवर ओसरी आहेच. लिनक्समध्ये ती मुळात ६४ एमबीची असते. संरक्षित मशीनला एवढ्यानं भागत नाही, म्हणून २०२१ पासून एसईव्हीच्या मशीनमध्ये ती एकूण मेमरीच्या सहा टक्के आणि जास्तीत जास्त एक जीबी धरली जाते. १६ जीबीच्या खोलीत जवळजवळ एक जीबीची ओसरी! तरीही गर्दीच्या वेळी ती भरते आणि "बफर इज फुल" अशा ओळी लॉगमध्ये धडाधड पडायला लागतात. सोमवारी मला तसाच एक लॉग उघडून बसायचंय, आमच्या कुठल्या डिस्कनं ओसरी अडवून धरली आहे ते बघायला.